गावातली ऑनलाइन प्रश्नमंजुषा किती लांब ठेवायची? आधी मिनिटं ठरवा, मग प्रश्न

जिजाऊ जयंती, आंबेडकर जयंती, ग्रामजयंती (तुकडोजी महाराजांची जयंती), गाडगेबाबांची पुण्यतिथी. यातला कोणताही दिवस जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्मच्या लिंका फिरायला लागतात. बनवणारे शाळेतले सर असतात, वाचनालयातली पोरं असतात, नाहीतर युवक मंडळ. प्रश्नांचा आकडा मात्र भलत्याच कारणांनी ठरतो. शंभर, कारण शंभरपैकी गुण दिसायला बरे. पन्नास, कारण शंभर जरा जास्त वाटले. नाहीतर १३४ वी जयंती म्हणून १३४ प्रश्न. सोडवणाऱ्याला सवड किती, त्याच्या हातात फोन कोणता, घरात रेंज येते की गच्चीवर जावं लागतं, हे कोणी विचारत नाही. मग लिंक शेकडो जणांना जाते, उत्तरं मोजक्यांचीच येतात आणि ‘लोकांना आवडच राहिली नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो.

आवड असते, पण प्रश्नमंजुषा लांब असते. लांबी कशी ठरवायची ते खाली क्रमाने दिलं आहे. बहुतेक जण टप्पा ७ पासून, म्हणजे थेट प्रश्न लिहिण्यापासून, सुरुवात करतात. तिथेच घोळ होतो.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

एक कागद, सेकंद दाखवणारं घड्याळ (फोनमधलं स्टॉपवॉच चालतं) आणि अर्धा तास देतील अशी तीन माणसं, प्रत्येकजण आपापल्या फोनसह. फॉर्म अजून उघडू नका. फॉर्म समोर आला की हात आपोआप प्रश्न टाइप करायला लागतो आणि लांबी ठरवायची राहून जाते.

टप्पा १ : ही प्रश्नमंजुषा कशासाठी, ते एका ओळीत लिहा

ओळ साधी असू द्या. ‘गावातल्या जास्तीत जास्त घरांनी भाग घ्यावा.’ किंवा ‘पहिल्या तिघांना पुस्तकं द्यायची आहेत.’ किंवा ‘अभ्यासिकेतल्या पोरांचा भरतीचा सराव व्हावा.’ यातली एकच ओळ निवडायची. तिन्ही हेतू एका फॉर्ममध्ये कोंबले की लांबी कोणालाच सोसत नाही.

हेतूनुसार माझा ढोबळ अंदाज असा. नुसती गंमत असेल, सणाच्या दिवशी चहा पिता पिता सोडवायची असेल, तर ७ ते १० प्रश्न. सगळ्या गावासाठी, प्रमाणपत्र देणारी असेल तर १५ ते २०. बक्षिसासाठी क्रमांक लावायचे असतील तर २० ते २५, शिवाय बरोबरी फोडणारा एक प्रश्न वेगळा.

भरतीच्या सरावाची गोष्ट निराळी. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे ७२ सेकंद. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, तिथेही ७२ सेकंदच. सराव करणाऱ्याला तेवढंच लांब हवं असतं, तो त्यासाठीच बसलेला असतो. त्याला शंभर प्रश्न खुशाल द्या.

खबरदारी : अभ्यासिकेतली पोरं गावासाठी प्रश्नमंजुषा बनवायला बसली की हाच शंभराचा साचा सवयीने उचलतात. स्वतः दीड तास बसू शकतात म्हणून त्यांना शंभर प्रश्न जास्त वाटत नाहीत. बचत गटातल्या ताई दीड तास बसणार नाहीत आणि त्यांनी बसावं तरी का?

टप्पा २ : प्रश्न नाही, मिनिटं ठरवा

ज्यांनी भाग घ्यावा असं वाटतं, त्यांच्यात सगळ्यात कमी सवड कोणाला आहे ते बघा आणि त्याच्या सवडीवर मिनिटं ठरवा. सगळ्यात हौशी माणसाच्या सवडीवर नाही.

आपल्याकडे विदर्भात ही सवड हंगामावर हलते. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यामागून कापसाची वेचणी. या दिवसांत वावरातून परत आलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं देईल, त्याहून जास्त नाही. रब्बीत शेतीची लाइन (वीज) रात्रीच्या पाळीला असली तर ओलित करणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा, माणूस वावरात असतो. रोही (नीलगाय) आणि डुकरांपायी रात्री पीक राखायला जागलीला जाणाऱ्यांचंही तेच. तिथे वेळ हाताशी असतो, पण रेंज असेलच असं नाही. उन्हाळ्यात दुपारी लोक घरात असतात खरे, पण तेव्हाच वीज जाते आणि फोनची बॅटरी उतरलेली असते.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो आणि सोडवणारी लेकरं दोन किंवा तीन. तुमची प्रश्नमंजुषा पंधरा मिनिटांची असेल तर त्या घराला ती अर्ध्या ते पाऊण तासाची आहे. तेवढा वेळ बाप फोन सोडेल का? सोडणार नसेल तर धाकट्या लेकराचा नंबर लागतच नाही.

हे सगळं धरून, सगळ्या गावासाठीच्या प्रश्नमंजुषेला दहा ते पंधरा मिनिटं पुरे. पाचवी ते सातवीच्या लेकरांसाठी दहाच्या आत.

तपासा : कागदावर आता दोनच गोष्टी हव्यात, हेतूची ओळ आणि मिनिटांचा एक आकडा. प्रश्नांचा आकडा लिहिला असेल तर खोडा.

टप्पा ३ : माहितीच्या पानाचा वेळ वेगळा काढा

नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, शाळा, वर्ग, मोबाइल नंबर, ई-मेल, ‘ही लिंक तुम्हाला कोणाकडून मिळाली?’ एवढं विचारून झाल्यावर पहिला प्रश्न येतो. फोनवर मराठी टाइप करणं बऱ्याच जणांना अवघड जातं. दहा रकाने भरता भरता चार मिनिटं जातात आणि पुष्कळ जण याच पानावरून मागे फिरतात.

प्रमाणपत्रावर छापायला लागतं तेवढंच विचारा : नाव, गाव, आणि बक्षीस असेल तर मोबाइल नंबर. गाव टाइप करायला लावण्यापेक्षा यादीतून निवडायला द्या. वेळ वाचतो आणि एकाच गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहून येत नाही. असं आटोपशीर पान दीड मिनिटात भरून होतं. हे दीड मिनिट ठरवलेल्या मिनिटांतून वजा करायचं.

खबरदारी : ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ ही सेटिंग लावली की सोडवणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. ज्या घरात फोन एक आणि खातं एक, तिथे दुसऱ्या लेकराला फॉर्म भरताच येत नाही. बक्षीस मोठं नसेल तर ही सेटिंग लावू नका.

टप्पा ४ : एका प्रश्नाला किती सेकंद लागतात ते धरा

सगळे प्रश्न सारख्या वेळाचे नसतात, म्हणून ‘वीस प्रश्न’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. वीस सोपे प्रश्न सात मिनिटांत होतात. तेच वीस विधानांचे असले तर वीस मिनिटंही लागू शकतात. फोनवर शांतपणे वाचून सोडवणाऱ्या सामान्य माणसासाठी हे अंदाज धरा :

- एका ओळीचा प्रश्न, चार छोटे पर्याय : १५ ते २० सेकंद. उदा. ‘वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीला कोणतं नाव आहे?’ (प्राणहिता)
- दोन-तीन ओळींचा प्रश्न किंवा लांब पर्याय : ३० सेकंद
- चित्र पाहून ओळखा : २० ते ३० सेकंद, शिवाय चित्र उमटेपर्यंतचा वेळ
- ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर?’ : ४५ ते ६० सेकंद
- जोड्या लावा : एक मिनिटाच्या वर
- टाइप करून उत्तर : ३० ते ४५ सेकंद

शेवटचा प्रकार शक्यतो टाळाच. ‘सिंदखेडराजा’ आणि ‘सिंदखेड राजा’ यांत माणसाला फरक दिसत नाही, पण उत्तरतालिकेत दोन्ही रूपं घातली नसतील तर फॉर्म एकाला चूक ठरवतो. मग निकालाच्या दिवशी बसून हाताने गुण दुरुस्त करा.

चित्रांचं म्हणाल तर दोन, फार तर तीन ठेवा आणि चढवण्याआधी त्यांचा आकार कमी करून घ्या. लोणार सरोवराचा सुंदर फोटो तुमच्या वायफायवर लगेच दिसतो. मेळघाटातल्या पाड्यावर तो उमटेपर्यंत सोडवणारा दुसरीकडे गेलेला असतो.

सोप्या प्रश्नांची प्रश्नमंजुषा असेल तर सरासरी २५ सेकंद धरा. १५ ते २० लागतात म्हणून १५ धरू नका. माणूस मधेच अडतो, मागे जातो, उत्तर बदलतो, घरातल्याला विचारतो.

टप्पा ५ : हिशेब करा

समजा १२ मिनिटं ठरवली. म्हणजे ७२० सेकंद. माहितीच्या पानाचे ९० सेकंद वजा करा, राहिले ६३०. यातला पाचवा हिस्सा सोडून द्या, कारण मधेच फोन वाजतो, रेंज जाते, पान पुन्हा उघडावं लागतं. राहिले ५०४. भागिले २५. उत्तर २०. बारा मिनिटांत वीस प्रश्न.

विधानांचे प्रश्न मिसळायचे असतील तर आधी त्यांचा वेळ काढा. असे चार ठेवले तर साठ चोक २४० सेकंद गेले. उरलेल्या २६४ सेकंदांत सोपे दहा बसतात. म्हणजे एकूण १४. जड प्रश्न चारच, पण त्यांनी सोपे दहा खाल्ले. मला हा सौदा पटत नाही. एक किंवा दोन ठेवावेत, तेही क्रमांक लावायचे असतील तरच.

खबरदारी : आकडा आडनिडा आला, समजा १७, तर १७ च ठेवा. विसाच्या मोहाने तीन प्रश्न उगाच भरीला घालू नका. गुण शंभरपैकीच दाखवायचे असतील तर २० प्रश्नांना प्रत्येकी ५ गुण द्या. त्यासाठी शंभर प्रश्न लागत नाहीत.

टप्पा ६ : फार आखूड तर झाली नाही ना?

आतापर्यंत लांबी कमी कशी करायची तेच पाहिलं. पण कमी करण्यालाही हद्द आहे, आणि तिची कारणं दोन.

पहिलं म्हणजे अंदाजपंचे. चार पर्याय असतील तर डोळे मिटून टिचकी मारणाऱ्याचंही चारात एक उत्तर बरोबर येतं. प्रमाणपत्रासाठी ४० टक्क्यांची अट आहे आणि प्रश्न १० आहेत असं धरा. नुसत्या नशिबावर खेळणारे शंभर जण आले तर त्यातले साधारण २२ पास होतात. प्रश्न २० केले तर पास होणारे साधारण १० उरतात. अट ५० टक्के ठेवली तर १० प्रश्नांत शंभरातले ८ निसटतात, २० प्रश्नांत एक किंवा दोन. म्हणजे प्रमाणपत्राला काही अर्थ राहावा असं वाटत असेल तर १५ च्या खाली जाऊ नका, आणि प्रश्न वाढवता येत नसतील तर अट वाढवा.

दुसरं म्हणजे बरोबरी. १० प्रश्नांत गुण ० ते १०, म्हणजे ११ च पायऱ्या. दीडशे जणांनी सोडवली तर एखाद्या पायरीवर किमान १४ जण उभे राहणारच. प्रत्यक्षात तर सगळी गर्दी ७, ८, ९ वर होते. पहिला क्रमांक बारा जणांचा आणि पुस्तकं तीन, मग वाद. २० प्रश्न केले तरी वाद पूर्ण मिटत नाही. म्हणून बरोबरी फोडायला प्रश्नांची संख्या वाढवत बसू नका. त्यासाठी एक आकड्याचा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर जवळात जवळ, तो पुढे.

इथे एक मेख आहे. आकडा वादातीत पाहिजे. लोणारच्या विवराचा व्यास विचाराल तर कुठे १.८ किलोमीटर सापडेल, कुठे १८३० मीटर, आणि दोघेही पुरावा घेऊन येतील. शिवाय ते शोधून सापडतं. त्यापेक्षा ‘आपल्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत कालपर्यंत किती पुस्तकांची नोंद आहे?’ असं विचारा. इंटरनेटवर सापडत नाही, नोंदवही उघडून दाखवता येते, आणि चार जण त्या निमित्ताने वाचनालयात डोकावतात.

तपासा : हेतू, मिनिटं आणि प्रश्नसंख्या या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का? जुळत नसतील तर मिनिटं वाढवू नका, हेतू लहान करा.

टप्पा ७ : दीडपट लिहा, मग छाटा

वीस हवे असतील तर तीस लिहा. लिहून झाल्यावर छाटायला घ्या. एकच गोष्ट दोनदा विचारणारे आधी काढा. एकीकडे ‘गडचिरोली जिल्हा कोणत्या वर्षी झाला?’ आणि दुसरीकडे ‘१९८२ मध्ये चंद्रपूरमधून कोणता जिल्हा वेगळा झाला?’ असं असेल तर दुसरा प्रश्न पहिल्याचं उत्तर फोडतो. मग नुसत्या सनावळ्यांचे बरेचसे काढा. जन्मसाल, मृत्युसाल, स्थापनेचं साल असे ओळीने सहा प्रश्न आले की वीस प्रश्नही चाळीस वाटतात. लांबी जशी घड्याळात असते तशी कंटाळ्यातही असते.

पहिले तीन प्रश्न असे ठेवा की गावातल्या कोणालाही यावेत. ‘विदर्भात जिल्हे किती?’ (११) किंवा ‘तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेली मोझरी कोणत्या जिल्ह्यात?’ (अमरावती). जड प्रश्न मधे पेरा आणि शेवटचे दोन पुन्हा सोपे करा. सुरुवातीलाच विधानांचा प्रश्न टाकला तर पोट्टे ‘एवढं कोन वाचते बे’ म्हणून लिंक बंद करतात, आणि ते चूक करतात असं मला वाटत नाही.

टप्पा ८ : तीन फोनांवर चाचणी

आता फॉर्म बनवा आणि त्या तीन माणसांना बोलवा. तिघं एका वयाची नकोत. एखादा सातवी-आठवीतला मुलगा, एखादी घर सांभाळणारी बाई, एखादे आजोबा किंवा काका. फोन त्यांचाच आणि नेट त्यांचंच असू द्या. तुमच्या हॉटस्पॉटवर चाचणी घेतली तर ती चाचणी हॉटस्पॉटची होईल.

शेजारी बसा, स्टॉपवॉच लावा आणि गप्प राहा. प्रश्न समजावून सांगायचा नाही. कुठे थांबले, कुठे दोनदा वाचलं, कुठे ‘अजून किती हायेत?’ असं विचारलं, त्या प्रश्नाचा क्रमांक लिहून ठेवा. तो सवाल आला की ती जागा फार मोलाची. गावासाठीच्या प्रश्नमंजुषेची खरी लांबी तिथवरच.

ही चाचणी समोरासमोर घेण्याचं आणखी एक कारण आहे. गूगल फॉर्मच्या शीटमध्ये वेळ नोंदवला जातो तो फक्त फॉर्म पाठवल्याचा. सुरू केव्हा केला ते नोंदवलं जात नाही. म्हणजे कोणाला किती मिनिटं लागली हे मागाहून शीट पाहून कळत नाही.

तिघांत ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, तो तुमच्या मिनिटांत बसला पाहिजे. सरासरी काढू नका. नाही बसला तर अडलेल्या प्रश्नांपासून छाटणी सुरू करा.

टप्पा ९ : सोडवायचा वेळ आणि लिंकचा वेळ वेगवेगळा ठरवा

या दोन गोष्टींची गल्लत सगळीकडे दिसते. प्रश्नमंजुषा बारा मिनिटांची आहे म्हणजे लिंक बारा मिनिटंच उघडी ठेवायची असं नाही. आणि लिंक दोन दिवस उघडी आहे म्हणून पन्नास प्रश्न टाकायचे असंही नाही. लिंक किती का दिवस उघडी राहेना, माणूस एका बैठकीत जेवढं देतो तेवढंच देतो.

नुसतं प्रमाणपत्र असेल तर लिंक सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी ठेवा. वीज आणि रेंज येईल तसं लोक सोडवतील. थोडी कॉपी होईल, होऊ द्या. बक्षीस असेल तर मात्र उत्तरं ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही. तेव्हा रात्री आठ ते नऊ अशी एकच तासाची खिडकी बरी. गूगल फॉर्मला प्रत्येकासाठी वेगळं घड्याळ मुळातच नसतं, म्हणून वेळ संपली की ‘प्रतिसाद घेणे’ बंद होतंय हे पाहायला एक माणूस नेमा.

निरोपात लांबी स्पष्ट लिहा : ‘२० प्रश्न, साधारण १२ मिनिटं, लिंक रात्री ९ पर्यंत.’ फॉर्मचे भाग पाडले असतील तर प्रगती दाखवणारी पट्टी सुरू करा. पुढे किती उरलंय ते दिसलं की माणूस शेवटपर्यंत टिकतो.

खबरदारी : सभागृहात पडद्यावर थेट प्रश्नमंजुषा घेणार असाल तर वरचा हिशेब लागू पडत नाही. तिथे प्रश्नाला २० सेकंदांचं घड्याळ लावलं तरी प्रश्न वाचणं, उत्तर दाखवणं, गुणतक्ता, टाळ्या आणि आरडाओरडा धरून मिनिट सहज जातं. पंधरा प्रश्न म्हणजे पंधरा ते वीस मिनिटं. आणि वेगावर गुण देणारं ॲप असेल तर वेगाचे गुण बंद करा, नाहीतर ज्याचं नेट हळू तो उत्तर येऊनही मागे राहतो.

टप्पा १० : शंभरच हवे असतील तर

कधी कधी मंडळाचा हट्टच असतो, जयंतीला शंभर प्रश्न झालेच पाहिजेत. मग वीस-वीसचे पाच दिवस करा आणि रोज रात्री आठला नवी लिंक द्या. माहितीचं पान रोज भरावं लागेल, म्हणून ते नाव आणि मोबाइल नंबर एवढ्यावरच आणा. पाच दिवसांची बेरीज मोबाइल नंबरावरून करा, नावावरून केली तर घोळ होईल. एखादा दिवस चुकला तर माणूस पुढचं सोडूनच देतो, तेव्हा पाचातले चांगले चार दिवस धरायचे असा नियम आधीच जाहीर करा.

टप्पा ११ : लिंक बंद झाल्यावर काय पाहायचं

जे अर्ध्यावरून गेले ते शीटमध्ये दिसत नाहीत, कारण त्यांनी फॉर्म पाठवलेलाच नसतो. म्हणून लांबी जास्त झाली का हे कळायची एक सोय आधीच करून ठेवा. प्रत्येक प्रश्न सक्तीचा करू नका. सक्ती नसली की थकलेला माणूस शेवटचे चार-पाच प्रश्न कोरे सोडून फॉर्म पाठवतो, आणि ते कोरे रकाने शीटमध्ये सरळ दिसतात. यासाठी प्रश्नांचा क्रम सगळ्यांना सारखा हवा. सरमिसळ करायचीच तर पर्यायांची करा.

सोळाव्या प्रश्नापासून कोरे रकाने वाढत असतील तर पुढच्या वेळी पंधराच ठेवा. एखादाच प्रश्न मधे कोरा दिसत असेल तर दोष लांबीचा नाही, त्या प्रश्नाच्या शब्दांचा आहे, आणि तो बदलून संख्या तीच ठेवता येते. शेवटपर्यंत कोरं काहीच नसेल, पण प्रतिसादच थोडे आले असतील, तर माहितीच्या पानाकडे आणि लिंक टाकलेल्या वेळेकडे बघा.